भाऊसाहेबांची पक्की पकड

औलीच्या बर्फावर राज्याचा संघ उतरणार होता आणि आखूड स्कीबोर्डांवर बूट धरून ठेवणारी बाइंडिंग निवडायची होती. कुणाच्या रुबाबाला भीक न घालणारी कर्णधार शाल्मली म्हणाली, "पडल्यावर आपोआप सुटणारी घेऊ. गुडघे वाचतील."

स्की संघटनेचे अध्यक्ष भाऊसाहेब धुळप गरजले, "सुटते ती कसली पकड? पक्कीच घ्यायची!"

"मग तुम्हीच घालून दाखवा, साहेब. फोटो काढते."

फोटो म्हटल्यावर साहेब खुलले. कार्यालयातल्या गालिच्यावरच बोर्ड चढवून त्यांनी छाती फुगवली आणि तोल जाऊन ते सोफ्यावर आडवे झाले. बोर्ड एकमेकांत अडकले, गुडघा पिळवटला.

"अगं, सोडव लवकर! पाय मोडेल!"

शाल्मलीने चटकन खटके उघडले. "साहेब, इथे मी होते. उतारावर पोरांना कोण सोडवणार?"

भाऊसाहेबांनी गुडघा चोळत सुटणारीच मागवली.