बाबारावांची वट

कऱ्हाडच्या कुमुदकाकूंनी वाती वळून वळून सोळा सोमवारांच्या उद्यापनासाठी वीस हजार रुपये डब्यात जपले होते. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, देवस्थानचे विश्वस्त म्हणवणारे बाबाराव दारात आले.

"दोन हजारांच्या वाती द्या."

"फुलवाती की समईच्या?"

"द्या हो कुठल्याही!"

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. देवस्थानचा माणूस, आणि वातीतला फरक कळेना?

बाबारावांनी चेक पुढे केला, तोही वीस हजारांचा. "चुकून जास्त लिहिला गेला. वरचे अठरा रोख द्या, गाडी खोळंबलीय."

"सोमवारी बँक उघडू दे की."

"माझ्यावर संशय? बाई, बाजारात माझी वट आहे वट!"

काकूंनी डबा पदराआड घेतला आणि गोड हसल्या.

"असेल हो दादा. पण माणसाची वट बाजारात, चेकची बँकेत. उद्या मी वट पुजते, परवा चेक टाकते. वटला असं बँकेनं सांगितलं, की अठरा हजार आणि वर प्रसाद!"

बाबारावांनी चेक हिसकावला आणि वाती न घेताच ते निघून गेले.

त्याच वातींनी काकूंच्या उद्यापनाच्या समया उजळल्या. तशाच तुमच्याही घरी उजळोत.