खंडेनवमीचा हार

त्या विमान कंपनीत खंडेनवमीला विमानांची पूजा व्हायची आणि पूजेतला मोठा हार सर्वांत जुन्या वैमानिकाच्या गळ्यात पडायचा. सहा वर्षे तो मान कॅप्टन दिनकर पाठारे यांचा होता. यंदा मात्र मालक जहागीरदारसाहेब हार घेऊन थेट कॉकपिटमध्ये शिरले आणि त्यांनी तो विमान आपोआप उतरवणाऱ्या यंत्रावर चढवला.

"दाट धुक्यात यानं विमान अलगद उतरवलं, पाठारे. तुम्ही नुसते बसून होता."

पाठाऱ्यांच्या पोटात दुखलं. त्या दिवशी यंत्राला सगळे आकडे त्यांनीच दिले होते आणि ते चुकलं तर विमान पुन्हा वर उचलायला हात तयार ठेवला होता. आज त्यांना एका यंत्राचा हेवा वाटत होता.

साहेबांनी खिशातून नोटीस काढली. "आणि हे तुमचं. मंगळवारी उतरताना विमान धाडकन आपटलं. खुलासा द्या, नाहीतर उड्डाण बंद."

"मंगळवारीही यानंच उतरवलं होतं, साहेब." पाठाऱ्यांनी नोटिशीची घडी घालून ती हारात खोचली. "हार याला, तर नोटीसही यालाच."

साहेब हसले. "यंत्र काय खुलासा देणार? विमानाची जबाबदारी कॅप्टनची."

"धुक्यातही कॅप्टन मीच होतो, साहेब."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी हारातली नोटीस परत खिशात घातली आणि हार काढून पाठाऱ्यांच्या गळ्यात घातला.

पाठाऱ्यांनी त्यातलं एक झेंडूचं फूल तोडून यंत्रावर ठेवलं.

"सणाचा दिवस आहे," ते म्हणाले. "त्याला एक पुरे."