हंसावतीने टांगलेला अंतरपाट

एका राज्यात पोपट न्यायनिवाडा करीत आणि ढग परवानगी घेऊन बरसत. तिथे विजयध्वज नावाचा राजा होता. राज्य त्याचे होते, पण राजवाड्यात शब्द चाले तो त्याच्या थोरल्या बहिणीचा, हंसावतीचा. राजाची राणी लेक पाळण्यात असतानाच गेली. तेव्हा हंसावतीने त्या लेकराला उचलले ते खाली ठेवलेच नाही. लेकराचे नाव बकुळा. बकुळा मोठी झाली, घोड्यावर बसू लागली, तरी आत्याच्या हातूनच वेणी घालून घेई आणि वेणी घट्ट झाली म्हणून रोज भांडे.

अशा बकुळेचे लग्न ठरले. नवरदेव शेजारच्या राज्याचा उदयसेन, शांत आणि हसरा मुलगा. नाव ठेवायला जागाच नव्हती. हंसावतीने शोधून पाहिली, सापडली नाही. मग तिने पदर खोचला आणि मांडवाचे काम हाती घेतले.

सजावटीत तिचा हात धरणारे कोणी नव्हते. वऱ्हाडाच्या वाटेवर तिने झेंडू लावला, कारण उन्हात तोच टवटवीत राहतो. बोहल्याजवळ मात्र सगळी पांढरी फुले, म्हणजे मुलीचा हिरवा शालू उठून दिसेल. काजव्यांना विनंती करून त्यांची झुंबरे टांगली. फुलपाखरांना ओळीने बसवून त्यांची झालर केली. त्यांतली दोन निळी सारखी जागा बदलत, त्यांना ती स्वतः जाऊन रागावली. सगळे झाले, तरी तिच्या मनाचे समाधान होईना. वधूवरांच्या मध्ये धरायचा अंतरपाट साधा पांढरा होता. तो तिच्या डोळ्यांत खुपू लागला.

खजिन्याच्या तळघरात एक पेटी होती. तीत तंतुराज नावाच्या मायावी विणकराने विणलेला पट होता. खजिनदार हात जोडून म्हणाला की देवी, हा पट शापित आहे, टांगता येतो पण उतरत नाही. हंसावती म्हणाली की गाठी सोडायचा आळस असला की लोक शापाचे नाव सांगतात. आणि तिने तो पट आणवला.

काय तो पट होता. त्यावर नद्या वाहत, हरणे चरत, मोर सावलीला बसत. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या, उपाध्यायांनी पट ओढला. पट हलला नाही. त्यांनी हात सोडले, तरी पट हवेतच उभा राहिला. उदयसेन वळसा घालून पलीकडे गेला, तर पटही फिरून दोघांच्या मध्ये आला. राजाने तलवार चालवली. तलवारीची धार गेली, पट तसाच.

पाहुण्यांना काही वावगे वाटले नाही. सगळे पटाकडे पाहत होते, वाहवा करीत लाडू खात होते. नवरी कशी दिसते हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी बकुळेच्या चुड्याचा हिरवा रंग उडाला आणि पटावर एक हिरवी वेल उमटली. मग तिच्या शालूचा रंग गेला. मग आवाज बारीक झाला, आणि पटावरच्या हरणांमध्ये एका मुलीची आकृती दिसू लागली, अजून चेहरा नसलेली.

"आत्याबाई, मला थंडी वाजते आहे," बकुळा म्हणाली.

चेहरा उमटला की मुलगी गेली, हे हंसावतीला कोणी सांगायची गरज नव्हती. विणकराला शोधायला ती थेट बाहेर पडली. वेशीवर बाभळीत एक भारद्वाज बसला होता. त्याने सांगितले की तंतुराज दक्षिणेच्या अरण्यापलीकडे राहतो, पण वाटेत तीन कामे सांगितली जातील, ती केल्याशिवाय त्याचे दार दिसत नाही.

पहिले काम एका तांब्याच्या घरापाशी आले. दारावर आंब्याच्या पानांचे तोरण होते. कोणे एके काळी बांधलेले, कोणी न उतरवलेले. पानांचे लोखंड झाले होते आणि त्याच्या भाराने दार उघडत नव्हते. आत माणसे होती, खिडकीतून जेवण घेत होती. तोरण उतरवून दे, असे त्यांनी विनवले. हंसावतीने जन्मभर तोरणे बांधली होती, उतरवायला नोकर असत. गाठी सोडताना तिची नखे तुटली. शेवटची गाठ सुटली तशी लोखंडाची पुन्हा पाने झाली आणि वाऱ्याने उडून गेली.

पुढे एक अंगण लागले. अंगणात रांगोळीचा मोर होता. तो जिवंत होता आणि कोणाला पाऊल टाकू देत नव्हता. काम होते ते पुसण्याचे. रंगसंगती अशी की हंसावती क्षणभर कामच विसरली.

"मी सुंदर नाही का?" मोराने विचारले.

"आहेस."

"मग पुसतेस का?"

"अंगणात लेकरे खेळायला हवीत," हंसावती म्हणाली, आणि तिने तळहाताने तो पुसला. पिसारा पुसताना हात अडखळला. डोळा तिने सर्वांत शेवटी पुसला.

तिसरे काम रानाच्या मध्यावर होते. तिथे एक मांडव उभा होता. खांबांना मुळे फुटली होती आणि वऱ्हाडी म्हाताऱ्या साळुंक्या होऊन आढ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की मुहूर्तमेढ उपटून दे, म्हणजे आम्ही घरी जाऊ. मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. बकुळेच्या मांडवाची मेढ हंसावतीने स्वतः रोवली होती. त्या दिवशी ती सगळ्यांसमोर हसली होती, आणि नंतर कोठीघरात जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसून रडली होती. ते तिला आता आठवले. तिने खांबाला मिठी मारली आणि ओढला. मेढ निघाली, मांडव बसला, साळुंक्या भुर्रकन उडाल्या. खड्डा तिने बुजवला.

तेव्हा समोर तंतुराजाचे दार दिसले. तो मागावर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"तुझा शाप मागे घे," हंसावती म्हणाली.

"पट मी विणला. शाप मी दिला नाही. ज्याने टांगला, त्याच्या मनातले तो करतो."

हंसावती संतापली. त्या मुलीसाठी मी काय केले नाही, असे म्हणून तिने दुखण्यातल्या जागरणांपासून फुलपाखरांपर्यंत सगळे ऐकवले. तंतुराजाने सगळे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, "पट उतरला असे मनात आण. काय दिसते?"

हंसावतीने डोळे मिटले. तिला नवरानवरी दिसली नाहीत. तिला दिसला सकाळचा सज्जा, तेलाची वाटी, कंगवा, आणि समोरचा रिकामा पाट. मांडवात त्या पटाला एवढे दिवस कोणी धरून ठेवले होते, ते तिला कळले.

"मंत्र कोणता?" तिने शेवटी विचारले.

"मंत्र नाही. मनात आहे ते तिच्यासमोर बोल. मोठ्याने बोल."

हंसावती परतली तेव्हा पटावरच्या आकृतीला कपाळ, भुवया आणि नाक आले होते. फक्त डोळे यायचे होते, आणि पटापलीकडे बकुळा डोळे मिटून बसली होती. उदयसेन पटाला टेकून बसला होता आणि पलीकडे ऐकू जावे म्हणून आपल्या घोड्याच्या खोड्या सांगत होता. त्याचा घसा बसला होता. हंसावतीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती पटासमोर उभी राहिली. राजा, उपाध्याय, सगळे वऱ्हाड पाहत होते. ती इतकी मानी बाई, पण आज तिने कोणाची भीड ठेवली नाही.

"बकुळे, तू जाऊ नयेस असे मला वाटत होते. म्हणून मी हा पट टांगला. मलाही ते ठाऊक नव्हते. तुझ्यावाचून मला करमणार नाही, हे खरे आहे. तरी जा. माझ्यासाठी थांबू नकोस."

तिचे बोलणे संपले. पट खाली आला. जमिनीला लागेपर्यंत त्याचे साधे सूत झाले. चुड्याचा हिरवा रंग चुड्यात गेला, शालूचा शालूत गेला, आणि बकुळेच्या गालांवर रंग चढला. मांडवात प्रथमच सगळ्यांनी नवरीकडे पाहिले.

बकुळेने डोळे उघडले आणि समोर पाहिले. आत्याकडे नाही, उदयसेनाकडे. बसलेल्या घशाने तो काहीतरी म्हणाला आणि ती खळखळून हसली. हंसावतीला वाईट वाटले, आणि त्याहून अधिक बरे वाटले. एवढ्या सगळ्या मांडवात तिला त्या हसण्याहून देखणे काही दिसले नाही.

वाजंत्री पुन्हा सुरू झाली, राजाने डोळे पुसले, लाडू नव्याने वळले गेले. बकुळा सासरी गेली, राज्याची घडी बसली. जशी हंसावतीने लेक हसत्या तोंडाने पाठवली, तशी ज्याची त्याला पाठवता येवो.