कण्हेरटाकळीचे चौथे व्याख्यान

‘भोळा’ हा शब्द अलीकडे ‘मूर्ख’ या शब्दाचा सौम्य पर्याय म्हणून वापरला जातो. तो तसा नाही. मूर्खाला सांगितलेले कळत नाही. भोळ्याला सांगितलेले पूर्ण कळते आणि तो ते मनापासून पाळतो; ते कोणत्या प्रसंगासाठी सांगितले होते, एवढेच काय ते त्याला कळत नाही. हा भेद जपूनच पुढचे वाचावे.

कण्हेरटाकळी नावाच्या गावात सखाहरी नावाचा एक अस्सल भोळा शिपाई होता. गावकऱ्यांनी मिळून जुन्या धर्मशाळेत एक संग्रहालय मांडले होते. जाती, पाटे, मापटी, एक दांडी मोडलेली पालखी. ते अंबादासपंत सांभाळत, आणि सखाहरी पंतांच्या हाताखाली होता. सरपंचांचा डोळा मात्र धर्मशाळेवर होता. त्यांच्या मेव्हण्याचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय होता आणि सामान ठेवायला जागा नव्हती. शेवटी ग्रामसभेत ठरले, की पंतांनी निसर्ग, कारागिरी आणि संस्कृती यांवर चार व्याख्याने भरवावीत. चौथ्या व्याख्यानाला धर्मशाळेचे सभागृह भरले, तर संग्रहालय राहील. नाही भरले, तर मेव्हणा.

पहिल्या व्याख्यानाआधी पंत म्हणाले, “सखाहरी, भाषण चालू असताना कुणी आवाज केला, तर दंड धरून बाहेर काढायचा. मग तो कुणी का असेना.”

“बरं पंत. ध्यानात ठेवतो,” सखाहरी म्हणाला. आणि त्याने ते ध्यानात ठेवले.

पाहुणे पक्ष्यांचे अभ्यासक होते. श्रोते मोजके होते, पण शांत होते. पाहुण्यांनी टिटवीचे वर्णन केले आणि मग तोंडाजवळ हात धरून तिच्या ओरडण्याची हुबेहूब नक्कल केली. सखाहरी व्यासपीठावर चढला. त्याने पाहुण्यांचा दंड धरला, त्यांना पायऱ्यांखाली नेऊन उभे केले आणि दाराला आतून कडी घातली.

“अरे, काय केलंस हे?” पंत ओरडले.

“आवाज केला त्यांनी.”

“अरे, तो टिटवीचा आवाज होता!”

“मग टिटवी कुठाय ती दाखवा. तिलाही काढतो.”

पंतांनी कपाळाला हात लावला. “बोलावलेल्या माणसाला हात लावायचा नाही रे! व्यासपीठावर तो ओरडो, नाचो, काहीही करो. आपण लोकांना म्हणायचं, टाळ्या वाजवा.”

“बरं पंत. ध्यानात ठेवतो.” आणि त्याने ते ध्यानात ठेवले.

दुसऱ्या वेळी कल्हईवाले हुसेनचाचा आले. भाता चालवीत, निखाऱ्यावर पातेले फिरवीत ते सांगत होते, की भांड्याला कल्हई का करतात. तेवढ्यात एक ठिणगी उडाली आणि त्यांच्या लुंगीच्या काठाने पेट घेतला.

“या अल्ला! पाणी आणा रे, पाणी!” चाचा नाचू लागले.

“टाळ्या!” सखाहरी गरजला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा अधिक उंच उडू लागले, तशा टाळ्याही वाढल्या. शहरातून आलेल्या एका रसिकाने हे येथील लोकनृत्य समजून डोळे मिटून ताल धरला. अखेर चाचांनी स्वतःच पाण्याच्या घंगाळात बसकण मारली. चाचा वाचले, लुंगी गेली.

“इथून पुढं कुठंही जाळ दिसला,” पंत दात-ओठ खात म्हणाले, “तर कुणाला विचारायचं नाही. आधी बादली ओतायची.”

“बरं पंत. ध्यानात ठेवतो.”

तिसरे व्याख्यान लोकदैवतांवर होते. दीपप्रज्वलनासाठी सरपंचांना बोलावले होते. इस्त्रीचे कपडे, नवा फेटा, हातात मेणबत्ती. सरपंच समईवर वाकले. पहिली वात पेटली मात्र, आणि मागून भरलेली बादली आली.

“पंत!” फेट्याचे टोक पिळत सरपंच म्हणाले. “चौथ्याला मी जातीनं येतो. एक खुर्ची रिकामी दिसू द्या, त्याच दिवशी मेव्हण्याचा ट्रक दारात उभा करतो.”

ते गेल्यावर पंतांचा आवाज रडवेला झाला. “मोठ्या माणसाचा असा मान राखतात का रे? हार घालावा, समोर समई तेवावी, उदबत्ती लावावी, लोकांनी आदरानं खाली मान घालून उभं राहावं. असा मान असतो!”

“बरं पंत. ध्यानात ठेवतो.” आणि त्याने तेही ध्यानात ठेवले.

चौथे व्याख्यान डॉक्टर विश्राम सोनटक्के यांचे होते, विषय लाकडी कोरीवकाम. व्यासपीठावर त्यांचे मोठे छायाचित्र लावले होते. विद्वान माणसे पाठवतात तसे ते ऐन तारुण्यातले होते. ऐन वेळी निरोप आला, की पाहुण्यांची एसटी वाटेत बंद पडली. पंत मोटारसायकल घेऊन धावले. जाताना म्हणाले, “सखाहरी, पाहुण्यांचा मान नीट राख!”

पाहुणे तर नव्हते. छायाचित्र होते. सखाहरीने त्याला हार घातला. समोर समई लावली, उदबत्ती लावली.

पाणी घेऊन निघालेल्या सोनाक्काने दारातून पाहिले. “अगं बाई! काय रे झालं यांना?”

“वाटेतच अडकलेत म्हणे.”

“आत्मा का रे?” सोनाक्काने कळशी तिथेच ठेवली आणि गल्लीत सांगायला धावली.

पक्ष्यांसाठी न आलेले गाव आता आले. कल्हईसाठी न आलेलेही आले. दुकाने अर्ध्यावर मिटली. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या, खिडक्या भरल्या. सखाहरीने सांगताच सगळे खाली मान घालून उभे राहिले. सरपंच आले आणि न सांगता बोलायला लागले. “डॉक्टरसाहेबांचा आणि आमचा घरोबा होता.” नाव त्यांनी नुकतेच फलकावर वाचले होते. “गावाला पोरकं करून गेले. सभागृह भरलंय, मी डोळ्यांनी पाहतोय. धर्मशाळा कायमची संग्रहालयाची, हे मी आत्ताच सही करून देणार!”

याच वेळी पंत डॉक्टरांना घेऊन दाराशी पोचले. पंतांनी आत पाहिले आणि त्यांना सगळे कळले.

“डॉक्टर, पाया पडतो,” ते कुजबुजले. “सही होईपर्यंत जिवंत आहात असं सांगू नका.”

डॉक्टर समजूतदार होते. ते शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. केस पिकलेले, चष्मा जाड. छायाचित्राशी कुणी ताडून पाहिले नाही. पंतांनी सखाहरीचा कान धरला. “यांच्याबद्दल तोंडातून एक शब्द काढायचा नाही. एकसुद्धा!”

“बरं पंत.”

सरपंचांनी पेन उघडले. कागदावर टेकवले. नजर वर गेली. “सखाहरी, मागं ते नवीन गृहस्थ कोण रे?”

सखाहरीने एक शब्दही काढला नाही. तो शांतपणे छायाचित्राकडे गेला, त्याचा हार काढला, सगळ्या सभेमधून चालत मागे आला आणि तो हार त्याने डॉक्टरांच्या गळ्यात घातला.

ही कथा सांगणारे शेवटी सांगतात, की लोकांना भूत दिसले, लोक किंचाळत पळाले आणि म्हणून सभागृह रिकामे झाले. सभागृह रिकामे झाले हे खरे; कारण मात्र साफ चुकीचे आहे. कोणीही किंचाळले नाही, कोणीही घाबरले नाही. वक्ता जिवंत आहे आणि आता व्याख्यान होणार आहे, हे सर्वांच्या नीट लक्षात आले होते.