वस्तादांच्या स्कूटरला हात

"मग माझाच हात का नाही लागायचा तुमच्या गाडीला?"

इंद्रजितनं हे विचारलं तेव्हा गणीवस्ताद दोन्ही हातांनी बशी धरून चहा फुंकत होते. फुंकून झाला. पिऊन झाला. बशी उलटी करून झटकून झाली.

"सोम्या करंल," ते म्हणाले.

संपलं. एवढंच.

म्हाताऱ्यांची ही रीत इंद्रजितला तोंडपाठ होती. उत्तर नसलं की चहा प्यायचा, आणि लोकांनी त्याला शहाणपण म्हणायचं. पॉलिटेक्निकातले मास्तर अडचणीचा प्रश्न आला की फळा पुसायला लागायचे. बाप पेपर उघडायचा. दुसऱ्या वर्षाला त्यानं कॉलेजला रामराम ठोकला आणि मिरजेच्या या गॅरेजात शिरला, तो इथं तरी कुणी तोंड उघडेल म्हणून. त्याला सहा वर्षं झाली.

आणि गाडी साधी नव्हती. चौऱ्याहत्तर सालची पिस्ता रंगाची स्कूटर, वस्तादांची स्वतःची. तिच्या नटालाही दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा गॅरेजचा कायदा. पण अलीकडं वस्तादांच्या उजव्या पंजात जोर राहिला नव्हता. पुढचा ड्रम ब्रेक केबलवर चालतो. सगळी मूठ आवळावी तेव्हा कुठं चाक ऐकतं. डिस्कला दोन बोटं पुरतात. म्हणून ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचा ठरलं. त्या गाडीचं पुढचं चाक आता पहिल्यांदा परक्या हातानं उघडणार होतं, आणि तो हात होता सोमलिंगचा. जतहून आठ महिन्यांपूर्वी आलेल्या सोमलिंगचा. पाना कुठला नि पक्कड कुठली हे ज्याला इंद्रजितनंच शिकवलं, त्याचा.

"मी सहा वर्षं ब्रेक करतोय," इंद्रजित म्हणाला. "एक तरी गाडी परत आली?"

"न्हाई."

"मग?"

"सोम्याला उताराची भीती वाटती."

"मला वाटत नाही म्हणून मी नालायक?"

वस्तादांनी बशी पुन्हा भरली…

भीती वाटायची हे खरंच होतं. गॅरेजची एक चाल होती. ब्रेक ज्यानं केला त्यानं पहिल्या फेरीला मागं बसायचं. गाडी वस्ताद चालवणार, दंडोबाच्या डोंगरावर नेणार आणि उतारानं सोडणार. मागच्याच्या हातात ना हँडल ना ब्रेक. आपल्या कामावर भरवसा ठेवून नुसतं बसायचं. इंद्रजित मागं बसून शीळ घालायचा. सोमलिंग पाठीमागची स्टेपनी घट्ट धरून डोळे मिटायचा. टपरीवरचे लोक त्याला हसायचे. वस्ताद हसायचे नाहीत, आणि तेच इंद्रजितला सलायचं.

तीन दिवस सोमलिंग त्या गाडीपाशी होता. भंगारातल्या नव्या मॉडेलचा पुढचा फोर्क त्यानं घासूनपुसून बसवला, हँडलवर ब्रेक ऑइलची डबी चढवली, नळीतली हवा थेंबाथेंबानं काढली. इंद्रजित समोर एक कार्ब्युरेटर खोलून बसला होता. तोच कार्ब्युरेटर त्यानं चार वेळा खोलला. सोमलिंगची चूक सापडावी म्हणून त्याचे डोळे तिकडंच होते. चूक सापडली नाही. काम असं देखणं उतरलं होतं की बघणाऱ्याचा जळफळाट व्हावा.

चौथ्या दिवशी दुपारी सोमलिंग जेवायला गेला. गॅरेज रिकामं.

इंद्रजितनं ग्रीसच्या डब्यात अंगठा बुडवला. चाक फिरवत तो डिस्कवर टेकवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. फार नाही. कुणाला मारायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच ब्रेक घसरावा, वस्तादांनी तोंड वाकडं करावं आणि सोमलिंगचं नाक कापलं जावं, इतकंच.

वस्ताद आले. सोमलिंगही हात धुऊन आला. उताराच्या नुसत्या विचारानं त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. वस्ताद गाडीवर बसले. त्यांनी डिस्ककडे पाहिलं की नाही कोण जाणे. म्हाताऱ्याचे डोळे सदा अर्धे मिटलेले.

त्यांनी दोन बोटं लिव्हरवर ठेवली.

ग्रीस लागलेली डिस्क पुसता येते. पण एकदा ब्रेक दाबला की पॅड ते ग्रीस पितात, आणि मग तो ब्रेक ब्रेक राहत नाही. हेही सोमलिंगला इंद्रजितनंच शिकवलं होतं.

ती दोन बोटं थरथरत होती.

अलीकडं म्हातारा बशी दोन्ही हातांनी का धरतो, हे इंद्रजितनं कधी विचारलं नव्हतं.

त्याचा हात पुढं गेला. लिव्हरवरची बोटं त्यानं वरूनच पकडली.

"दाबू नका."

"का?"

"मी पुसतो. मग दाबा."

सोमलिंगनं त्याच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग त्याच्या काळ्या अंगठ्याकडे. आयमाय काढली असती तर इंद्रजितला सोपं गेलं असतं.

इंद्रजित खाली बसला. पेट्रोलचा बोळा फिरवला. दुसरा घेतला. तिसरा. चौथा कोरा निघाला तरी पुसतच राहिला. वस्ताद मांडीवर हात ठेवून गाडीवर बसून होते, फाटक उघडायची वाट बघत असल्यासारखे.

शेवटी तो उठून बाजूला झाला. सोमलिंगनं मागं बसायला पाय उचलला.

वस्तादांनी मान न वळवता हात आडवा धरला.

"सोम्या, तू ऱ्हा."

"ब्रेक त्यानं केलाय," इंद्रजित म्हणाला. "तुमचीच चाल आहे. ज्यानं केला त्यानं मागं बसायचं."

वस्तादांनी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली.

"गाडीला हात लागाय पायजे हुता न्हवं तुझा?" ते म्हणाले. "लागला. आता मागं बस."