पुलावर अडकलेला घोडा

“आबा, खेळ मध्येच अडकला, तर दोष खेळणाऱ्याचा की करणाऱ्याचा?”

लवूआबांच्या मांडीवर मारुतीची बाहुली होती. तिचे धागे ते बोटांनी चाचपत होते. कुडाळपलीकडच्या त्या वाडीत कळसूत्री बाहुल्या नाचवणारा असा हात आता दुसरा उरला नव्हता.

विचारणारा यशोधन, त्यांचा सांगलीहून शिकायला आलेला जुना शिष्य. पाच वर्षं त्यांच्यापाशी शिकला, मग पुण्याला जाऊन मोबाईलवरचे गेम करू लागला आणि चांगला नावारूपाला आला. आज आठ वर्षांनी, न कळवता, भर दुपारी दारात उभा राहिला होता.

“दाखव बगया तुझो खेळ.”

यशोधनने मोबाईल पुढे धरला. एक स्वार किल्ल्यावरून निघाला. खाली नदी, नदीवर धुकं, घोड्याच्या टापा... सगळं देखणं. पूल आला आणि चित्र थिजलं. पुन्हा हललं तोवर घोडा नदीत पडला होता.

दुसऱ्यांदाही तेच.

तिसऱ्यांदा पडद्यावर झटकन एक सोनेरी चौकोन उघडला. तीस रुपये भरा, थेट पुलापलीकडे जा.

“चौकोन काय अडाकलो नाय,” आबा म्हणाले.

“नवा गेम असाच येतो हो, आबा. बाजारात येऊन बाराच दिवस झालेत. लोक शिव्या घालतात, पण चाळीस लाख लोकांनी घेतलाय! आणि आमची माणसं दिवसरात्र खपताहेत दुरुस्तीसाठी.”

शेवटचं वाक्य तो जरा जास्तच जोरात बोलला. बोलताना नजर मोबाईलवरच होती. समोर आबांची बोटं काय करताहेत, याकडे त्याचं लक्ष कुठलं असायला!

“धर,” आबांनी बाहुली पुढे केली. “हात वर कर तेचो.”

शिष्याला शिकवतात ते हे पहिलंच काम. यशोधन मनातून सुखावला. त्याने धागे बोटांत घेतले, मनगट अलगद उचललं. मारुतीचा हात कमरेपर्यंत आला आणि थांबला.

पुन्हा उचललं. हात पुन्हा तिथेच.

“धागा अडकलाय, आबा.”

“अडाकलो खरो. माझ्याकडे दुसरो धागो आसा. तीस रुपये दी, जोडून देतंय.”

यशोधन हसला. म्हाताऱ्याला अजून मस्करी सुचते, याचं त्याला बरंच वाटलं. त्याने खिशातून नोटा काढल्या.

आबांनी हात पुढे केला नाही.

“गाठ कोणी मारल्यान, ता तू इचारूक नाय.”

...

यशोधनने बाहुली उलटी केली. पाठीमागच्या धाग्याला गाठ होती, ताजी, करकचून मारलेली.

“तुम्ही मारलीत?”

“तुझ्यासमोर.”

यशोधनने नोटा परत खिशात घातल्या.

“आबा... दुरुस्ती तयार आहे.”

आबा ऐकत होते.

“तिसऱ्याच दिवशी सापडली मला. माझ्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. सोडली तर तासाभरात सगळ्यांचा घोडा पूल ओलांडेल. पण लोक पुलावर अडकतात म्हणूनच पैसे भरतात, हे आधी माझ्याच लक्षात आलं. चौकोन तिथे मांडायची कल्पनाही माझीच. वरच्यांनी पाठ थोपटली... आणि मी गप्प राहिलो.”

“हं.”

“एका मुलीचं पत्र आलंय. विचारते, काका, माझी बोटं हळू चालतात का?”

एवढं बोलून यशोधन रडायला लागला. तोंड झाकायचंही भान त्याला राहिलं नाही. आपल्या हाताचा त्याला फार अभिमान होता, आणि त्याच हाताची आज शिसारी आली होती.

“मी नाही परत जात, आबा. ते सगळं तिकडेच राहू दे. मला इथे ठेवून घ्या. पडेल ते काम करीन.”

डोळे पुसून तो बाहुलीवर ओणवला आणि नखांनी ती गाठ उकलू लागला. आसवांनी धागा ओला होत होता, गाठ हलत नव्हती.

आबांनी त्याच्या हातांतून मारुती हळूच काढून घेतला. चष्मा नाकावर सारला, गाठ उजेडाकडे धरली. मान वर न करता म्हणाले,

“ही गाठ माझी हा, ही मी सोडवतलंय. तुका पाचची गाडी मेळतली.”