तळ्याला धाप लागली

मोहाच्या झाडांच्या कुशीत एक इवलंसं तळं होतं आणि तळ्याच्या काठाला दसाराम ढिवराची इवलीशी झोपडी. घरात माणसं चार आणि चौघांचं पोट तळ्यातल्या मासळीवर. पण त्या मासळीचं यंदा काही खरं दिसत नव्हतं.

रोज पहाटे माशांची तोंडं पाण्यावर यायची, गोल गोल, आ वासलेली. दसाराम म्हणायचा, "भुकेली हायेत बिचारी." मग तो टोपलंभर शेण आणि कोंडा पाण्यात ओतायचा. पाणी हिरवंगार दिसलं की त्याला बरं वाटायचं. हिरवं पाणी म्हणजे मासळीची भरली थाळी, असं त्याचा बापही म्हणायचा. थोडं हिरवं बरंच असतं हो, पण अति तिथे माती!

त्याच तळ्यात डुंबून धाकट्या सोमाच्या अंगावर लालबुंद पुरळ उठलं होतं, तापही चढला होता. त्याची ताई सेवंती त्याला कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालत बसायची.

एका पहाटे चार मासे पोट वर करून तरंगताना दिसले. सेवंतीला रडूच कोसळलं. आपल्या वाटणीचा शिळा भात तिने माशांपुढे टाकला. एकही मासा खाईना.

तेवढ्यात कमळाच्या पानावर चिमुकला उजेड पडला. बोटाएवढी परी! चंदेरी पंख, निळंजांभळं झगमगतं परकर-पोलकं. पण तीसुद्धा धापा टाकत होती.

"सेवंती, तुझी एक इच्छा पुरी करीन," परी हळूच म्हणाली. "पण ज्याच्यासाठी मागशील, त्याच्या जागी आधी जाऊन यायचं. आणि ऊन पाण्यावर यायच्या आत मागायचं."

सोमाचं नाव सेवंतीच्या ओठांवर आलं. मग तिला ती उघडी तोंडं दिसली. सोमाजवळ माय बसली आहे, यांच्याजवळ कोण?

"मासोळ्यांसाठी," ती म्हणाली आणि स्वतःच घाबरली.

परीने टिचकी वाजवली. सेवंती रुपेरी मासोळी झाली. पोट तर टम्म भरलेलं, पण श्वासच मिळेना! तळाशी काळा गाळ सडत होता. पाणी अंगाला चुरचुरत होतं, सोमाला चुरचुरतं अगदी तसंच. जिवाच्या आकांताने ती वर आली आणि तिनेही आ वासला.

पुन्हा मुलगी होऊन काठावर येताच ती ओरडली, "खाणं नोको! पाण्याले श्वास दे!"

"देईन गं, पण आज एक जरी टोपलं पाण्यात पडलं, तर माझा इलाज नाही."

दसाराम टोपलं घेऊन आलाच होता. त्याला परी दिसत नव्हती.

"बाबा, टाकू नोका जी! त्याइले भूक नाही, त्याइचा जीव गुदमरते!"

"वेडी झाली का पोरी? उपाशी मरतीन ते!"

सेवंतीने टोपल्याला मिठीच मारली. शेण केसांतून ओघळलं, पण तिने हात सोडले नाहीत. मासे उपाशीच आहेत हे दाखवायला दसारामने वैतागून एक मेलेला मासा उचलला, त्याचं पोट दाबलं. आतून निघाला कोंडाच कोंडा. दसारामने टोपलं काठावरच ठेवलं.

"आपणच मारलं व माय यायले," तो पुटपुटला आणि धावत जाऊन त्याने ओढ्याचं पाणी तळ्यात आणणाऱ्या पाटाची फळी वर ओढली.

स्वच्छ पाणी खळाळत तळ्यात कोसळलं. परीने हळूच फुंकर घातली आणि थेंबाथेंबात मोत्यांएवढे बुडबुडे नाचू लागले. माशांची तोंडं एकेक करून मिटली.

"सेवंते," झोपडीतून मायची हाक आली, "सोम्याचा ताप उतरला व!"

"आता पाणी तुम्ही सांभाळायचं," परी म्हणाली. ऊन तळ्यावर उतरलं, पाणी सोन्यासारखं लखलखलं आणि त्या उजेडात परी विरून गेली. सेवंतीने कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला.